सात नंबरचं हिरवं रान

"हे पान घ्या. पूर्‍या वावरात याच्याहून तेजदार सापडणार नाही तुमाले," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांनी मिरचीचं एक रुंद, काळपट हिरवं पान खुडून माझ्या हातावर ठेवलं.

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता. दुपारचे बारा वाजले होते आणि माझ्या पिशवीतला तापमापक अडतीस दाखवत होता. त्या दिवसांत आमच्याकडे तेहतीस-चौतीसच्या वर पारा सहसा जात नसे. गेले बारा दिवस दुपारी तो अडतीसच्या खाली उतरला नव्हता आणि रात्रीही उकाडा हटत नव्हता. बांधावरचं गवत वाळून पांढरं पडलं होतं, पण मिरचीचं रान हिरवंगार होतं.

मी पान छोट्या पिशवीत टाकलं, त्यावर द्रावण ओतलं, बोटांनी चुरडलं आणि त्यात कागदी पट्टी बुडवली. एक रेघ उमटली की झाड निरोगी. दोन उमटल्या की आत विषाणू आहे.

दोन मिनिटांत दोन रेघा उमटल्या.

मी दुसर्‍या झाडाचं पान घेतलं, मग तिसर्‍या, चौथ्या, पाचव्या. पाचांपैकी चार पट्ट्यांवर दोन रेघा आल्या. पानांवर ठिपका नव्हता, वळी नव्हती, शेंडे ताठ होते.

"काय म्हनते पट्टी?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "जुन्या पट्ट्या आहेत. उन्हानं खराब झाल्यात."

त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या ओळीत निंदायला बसल्या.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. वैनगंगेच्या अलीकडच्या त्या भागातल्या एका मिरची संशोधन केंद्रात मी सहायक होते. फुलकिड्यांमुळे पसरणारा एक विषाणू तिथल्या मिरचीला दर दोन-तीन वर्षांनी गाठायचा. शेंडा जळायचा, फळांवर कडी उमटायची, झाड बसायचं. आमचे प्रमुख, डॉ. कुलथे, यांनी बारा वर्षं खपून त्याला दाद न देणारा वाण काढला. कागदावर त्याचं लांबलचक नाव होतं. लोक त्याला सात नंबर म्हणत.

सात नंबर डोंगरटोल्यात मी नेला. दोन वर्षं मोटारसायकलवरून जाऊन-येऊन, पारावर सभा घेऊन, एकेका घरात चहा पिऊन मी त्या गावाला पटवलं. पहिल्या वर्षी वीस एकर लागला. दुसर्‍या वर्षी सगळ्या शिवारात तोच होता. गावातले ठवकर, देवमन ठवकर, हे शेतकरी गटाचे अध्यक्ष. ते मला "आमची सात नंबरवाली मॅडम" म्हणत आणि मला ते आवडायचं.

जुनी मिरची सोडली नाही ती एकट्या अनसूयाबाई नान्हे यांनी. पन्नाशी उलटलेली, बारीक बांध्याची बाई. नवरा रेल्वेच्या कामावर असताना गेलेला, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. त्यांच्या दोन एकरांत बहुतेक सात नंबरच होता. फक्त नाल्याकडच्या, विहिरीजवळच्या तुकड्यात, त्या बोरी मिरची लावायच्या. बोराएवढी गोल, पिकली की काळसर लाल. तिचा ठसका उशिरा यायचा आणि उतरायलाही उशीर करायचा. हा वाण त्या गावाबाहेर कुठे नव्हता आणि सरकारी कागदात तर कुठेच नव्हता. दरवर्षी अनसूयाबाई झाडं निवडून बी राखायच्या आणि ज्याला हवं त्याला मूठभर द्यायच्या. आता घेणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे साठवणीचं बीसुद्धा नव्हतं. आदल्या डिसेंबरात अवकाळी पावसानं अंगणात वाळत घातलेली बोरी भिजली. बुरशी धरू नये म्हणून त्यांनी ती तव्यावर भाजून कुटून टाकली. बियाण्याचं गाडगं तेवढं वाचलं. ऑगस्टच्या उघडिपीत त्यातलं पहिलं रोप करपलं, म्हणून उरलंसुरलं सगळं बी दुसर्‍यांदा टाकलं. त्यातून दोनशेच्या आसपास झाडं उभी राहिली. विहिरीजवळ होती तेवढीच बोरी जगात होती. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, हसत हसत.

त्या दुपारी मी नाल्याकडे जाऊन कुलथे सरांना फोन लावला.

"सर, सात नंबरमध्ये विषाणू आहे. पाचांत चार झाडांत."

"लक्षणं?"

"एकही नाही. रान हिरवंगार आहे."

"मग तुझ्या पट्ट्या चुकल्यात."

"सर, इथं अडतीस आहे. बारा दिवस झाले."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. 

"नलिनी," ते म्हणाले, "शुक्रवारी शिवारफेरी आहे. दीडशे लोक येणार, वरून साहेब येणार. बारा वर्षं घातलीत मी यात. झाडं हिरवी आहेत ना? मग लोकांना हिरवी झाडं दाखवायची. पुढचं आपण शनिवारी बघू."

"पण सर, गार पडलं तर..."

"ऑक्टोबर आहे. इतक्यात कुठलं गार पडतंय? तू कोणाशी काही बोलू नकोस."

"हो सर," मी म्हणाले.

ते मंगळवारी. बुधवार आणि गुरुवार मी गावातच होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत राहायचे, जेवायला अनसूयाबाईंकडे जायचे. त्या भाकरी थापायच्या आणि मी समोर बसून आकाशाकडे बघायचे. "तुमाले काय पाऊस पायजे का?" एकदा त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. दोन्ही दिवस मी फुलकिडे मोजत शिवारात हिंडले. कोरड्या उन्हात ते भयंकर वाढले होते. फूल पांढर्‍या कागदावर झटकलं की वीस-पंचवीस पडत.

शुक्रवारी मांडव घातला होता. गाड्या आल्या, फेटे बांधले गेले. माणसं सात नंबरच्या ओळींतून फिरली, फळं हातात घेऊन फोटो काढले. देवमनभाऊ माइकवर म्हणाले, "एवढ्या उन्हात आमच्या बाया मान टाकून राहिल्या, पन या झाडानं टाकली नाही." सगळे हसले. कुलथे सर त्या दिवशी फार देखणे दिसत होते. त्यांनी भाषणात माझं नाव घेतलं आणि मला उभं राहायला लावलं. टाळ्या पडल्या.

चारच्या सुमारास पश्चिमेकडून ढग आले. वारा सुटला, मांडवाचं कापड फडफडलं आणि अर्ध्या तासात हवा पार बदलली. लोक उठून मोकळ्यावर आले, कोणी टोप्या काढल्या, कोणी देवाचं नाव घेतलं. मी कुलथे सरांकडे पाहिलं. ते गाडीच्या दारापाशी उभे होते. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मग गाडीत बसले.

दिवेलागणीला मी अनसूयाबाईंच्या घरी गेले. त्या ओसरीवर लसूण सोलत होत्या.

"बाई, मला तुम्हाला काही सांगायचंय," मी म्हणाले.

"बसा तं खरं."

मी उभीच राहिले. "मंगळवारी पट्ट्या खराब नव्हत्या. तुमच्या सात नंबरमध्ये रोग आहे. सगळ्यांच्याच असणार."

त्यांनी लसणाची पाकळी खाली ठेवली. "पन झाडं तं साजरी हायेत."

"तीच तर गोष्ट आहे."

मग मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वीचं, जे मी तोवर केंद्राबाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं. केंद्रात एक बंद खोली होती, यंत्रावर हवं ते तापमान ठेवता येणारी. सात नंबरच्या सगळ्या चाचण्या तिथं चोवीस अंशांवर झाल्या होत्या. त्या तापमानाला वाण खरोखर चांगला होता. विषाणू पानात शिरला की झाड त्याला ओळखायचं आणि त्याच्याभोवतीचा पानाचा तेवढा टिकलीएवढा भाग स्वतःच जाळून टाकायचं. रोग तिथंच कोंडून मरायचा. एका शनिवारी यंत्र बंद पडलं. आत चाळीस झाडं होती, विषाणू टोचलेली. सोमवारी मी दार उघडलं तेव्हा आत छत्तीस अंश होते. झाडं हिरवीगार होती, एकाच्याही पानावर टिकली नव्हती. मला आनंद झाला. यंत्र दुरुस्त झालं, खोली पुन्हा चोवीसवर आली आणि गुरुवारपर्यंत चाळीसच्या चाळीस झाडं शेंड्यापासून बुडापर्यंत काळी पडली.

"काहून?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"उन्हात झाडाला तो रोग ओळखता येत नाही. तो आत सगळीकडे पसरतो, आणि झाडाला वाटतं आपण बरे आहोत. मग गार पडलं की त्याला ओळख येते. तोवर रोग प्रत्येक पानात असतो. झाड आपल्या सवयीप्रमाणे रोग आहे तो भाग जाळायला लागतं. आणि रोग सगळीकडेच असतो."

"म्हंजे ते आपल्याच हातानं मरते."

"हो."

 बाहेर वार्‍यानं पाचोळा उडत होता.

"तवा तुमी कोनाले सांगतलं नाही?"

"सरांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्र बिघडलेलं होतं, ते निकाल धरायचे नसतात. प्रयोग पुन्हा करू म्हणाले. मग वाणाच्या मंजुरीची बैठक आली. मी कागदावर सही केली."

"न् मंगळवारी?"

मी आता खाली बसले.

"मंगळवारी सांगतलं असतं तं काय करता आलं असतं?"

"तुमचं आणि त्याला लागून असलेलं देवमनभाऊंचं सात नंबर उपटून पुरलं असतं; तेव्हा त्यांनी माझं ऐकलं असतं. बोरीच्या तीन बाजूंनी तुमचंच वावर आहे, चौथ्या बाजूला नाला. मधे मोकळी जागा झाली असती. आता ती झाडं मरायला लागली की त्यांच्यावरचे किडे उठतील आणि जे हिरवं दिसेल त्यावर बसतील."

"बोरी वाचली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"वाचली असती," मी म्हणाले.

त्यांनी सोललेला लसूण वाटीत भरला, टरफलं गोळा करून चुलीत टाकली. "उद्या सकाळी सहाले या," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवलं नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी उपटायला लागलो. फळं लागलेली, कंबरेएवढी हिरवी झाडं. ओळ संपली की पोत्यात कोंबायची, तोंड बांधायचं आणि नाल्याकाठच्या खड्ड्यात नेऊन टाकायची. आठच्या सुमारास बांधावर देवमनभाऊ आले. त्यांच्या अंगात कालचाच नवा सदरा होता.

"वयनी! येड लागलं का तुमाले?"

अनसूयाबाईंनी मान वर केली नाही. "मले नको हा वान."

"काल दीडशे मानसं पाहून गेली, न् आज तुमी उपटून राहिल्या? मॅडम, तुमी सांगा न् यांले!"

मी सांगितलं. जेवढं अनसूयाबाईंना सांगितलं होतं तेवढं सगळं. चार-सहा माणसं आणखी जमली.  देवमनभाऊंनी बांधाला लागून असलेल्या आपल्या मिरचीची एक फांदी तोडली आणि माझ्यासमोर धरली.

"याच्यात रोग हाये?"

"हो."

"कुठी? दाखवा."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी पट्टी काढली, त्यांच्या पानावर चाचणी केली, दोन रेघा दाखवल्या.

"मंगळवारी म्हनत होत्या पट्ट्या खराब हायेत," मागून कोणीतरी म्हणालं. मी तसं फक्त अनसूयाबाईंना सांगितलं होतं. त्यांनी सहज कोणाला तरी सांगितलं असणार.

देवमनभाऊंनी फांदी खाली टाकली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मुलीला समजवावं तसं म्हणाले, "मॅडम, दोन सालं तुमी सांगतलं हा वान पक्का हाये. आमी मानलं. आता तुमी म्हनता, हिरवं झाड मेलेलं हाये. एका मानसानं किती मानावं?"

ते गेले. दुपारपर्यंत आम्ही निम्मं वावर रिकामं केलं. दुसर्‍या दिवशी उरलेलं केलं.

सोमवारी पहाटे पारा एकोणीसवर उतरला. सकाळी देवमनभाऊंच्या वावरात शेंडे काळे दिसले, जणू कोणी टोकाला काडी लावून विझवावी. दुपारी देठ काळे झाले. मंगळवारी पानं गळाली आणि फळं झाडावरच मऊ पडली. बुधवारी सगळं शिवार काळं होतं. कुजक्या मिरचीचा वास वेशीपर्यंत येत होता. बायका पदर नाकाला लावून बांधांवर उभ्या होत्या. कोणी मोठ्यानं रडलं नाही. माणसं आपापल्या वावरात जात, एखादं झाड हलवून बघत आणि परत येत. देवमनभाऊ मला पंचायतीच्या पायरीवर भेटले. ते काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. ते बाजूनं निघून गेले.

आमच्या मोकळ्या केलेल्या पट्ट्याच्या पलीकडे त्यांचं वावर होतं. तिथून किडे उठले. मी बोरीच्या फुलांखाली कागद धरला आणि झटकला. मोजायची गरजच पडली नाही.

बोरीला सात नंबरसारखं मरता येत नव्हतं. तिला रोग ओळखण्याची ती शक्तीच नव्हती. ती हळूहळू खचली. आधी कोवळ्या पानांवर पिवळी कडी आली, मग शेंडा वळला, मग हिरव्या फळांवर चट्टे उठले. आम्ही रोज उजाडताच चाचणी करत असू. दोन रेघा आल्या की झाड पोत्यात. फळं सगळी हिरवी होती. हिरव्या बोरीचं बी उगवत नाही, तरी अनसूयाबाई प्रत्येक झाडाची फळं वेगळ्या फडक्यात बांधून ठेवायच्या. माझ्याशी त्या कामापुरतं बोलत. "हे पहा." "हे काढा." "पट्ट्या किती राह्यल्या?"

पहिल्या आठवड्यात शंभर गेली. दुसर्‍या आठवड्याच्या शेवटी नऊ उरली. अनसूयाबाईंनी मुलीच्या बाळंतपणासाठी घेतलेली मच्छरदाणी आणली आणि बांबू रोवून त्या नऊ झाडांवर टाकली. तिच्या भोकांतून फुलकिडे सहज जातात हे मला माहीत होतं. मी कडा मातीत दाबायला लागले.

दिवाळी झाली त्याच्या दुसर्‍या दिवशी शेवटचं झाड राहिलं. त्यावर तीन फळं होती. एकावर लाली चढायला सुरुवात झाली होती. आणखी पंधरा दिवस मिळाले असते तर पुरले असते. अनसूयाबाई मला म्हणाल्या, "याचं पान तोडू नका." मी तोडलं नाही. पाचव्या दिवशी शेंडा वळला.

ते त्यांनी स्वतः उपटलं. ती तीन फळं आणि फडक्यातली सगळी मी केंद्रात नेली, बी काढलं, ओल्या कागदावर पसरलं आणि रोज पाहत राहिले. साडेतीनशेच्या वर बिया होत्या. एकही फुटली नाही.

कुलथे सरांच्या अहवालात "अवेळी ढगाळ हवामान व बुरशीजन्य मर" असं आलं. मी वेगळं निवेदन लिहून वर पाठवलं. चौकशी झाली, लांबली, सर निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. सात नंबर गुपचूप मागे घेतला गेला. डोंगरटोल्याच्या वावरांतले माझे आकडे, ती बंद खोली, ते बारा दिवस, हे सगळं मिळून एक विषय झाला. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. त्याच जोरावर मी पुढे विभागाची प्रमुख झाले.

त्या ऑक्टोबरनंतर चार वर्षांनी एका कामासाठी तालुक्याला गेले होते. तिथं मिरचीचे सातरे असतात. मोठी पत्र्याची आवारं, आत लाल मिरचीचे ढीग, आणि ढिगांभोवती बसून देठ खुडणार्‍या बाया. पोतं बांधणारा एक माणूस ओळखीचं नाव घेऊन हाक मारत होता, ते ऐकून मी वळले. अनसूयाबाई होत्या. हातांना फडकी गुंडाळलेली, तोंडावर पदर.

मी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"कवा आल्या?"

"आत्ताच. तुम्ही इथं?"

"वावर ठेक्यानं देल्लं. त्याच्यात आता सोयाबीन हाये." त्यांचे हात थांबले नव्हते. "तुमचं कसं?"

काही तरी गुळमुळीत सांगता आलं असतं. "त्या वर्षी जे झालं, त्यावर मी प्रबंध लिहिला," मी म्हणाले. "डॉक्टर झाले. आता उन्हात तपासल्याशिवाय आमच्याकडचा वाण बाहेर जात नाही."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. खरंच चांगलं झालं असं वाटून म्हणाल्या. मग थोड्या वेळानं विचारलं, "बोरीचं लिवलं का त्याच्यात?"

"हो."

"काय लिवलं?"

प्रबंध इंग्रजीत होता. मी ते वाक्य मनातल्या मनात मराठीत केलं आणि म्हणून दाखवलं. "याच क्षेत्रातला एक स्थानिक वाण या काळात नष्ट झाला."

त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले. पुढे काही आहे का, म्हणून त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"न् नाव?"

"नाव नाही घातलं," मी म्हणाले. "त्याची कुठं नोंद नव्हती."

त्यांनी मान हलवली. ढिगातून नवी मूठ ओढून घेतली, देठ खुडले, मिरच्या टोपलीत टाकल्या, देठ बाजूला टाकले.

"जा आता," त्या म्हणाल्या. "मुकादम पाहून राहिला."

मी उठले.